एक बोट सोडा

१

सोमवारी माझं दुकान बंद असतं, म्हणून मंगळवारी सकाळी पहिलं काम टोपली रिकामी करण्याचं. शटरबाहेर झाकणाची मोठी टोपली ठेवलेली असते. ज्यांना धीर धरवत नाही ते सोमवारीच आपली पिशवी तिच्यात टाकून जातात, सोबत चिठ्ठी. चेन बदला. कंबर सैल करा. बाही दोन बोटं वर घ्या. मी नवीन कपडे शिवत नाही, फक्त दुरुस्ती करते. माणसं जाड होतात, बारीक होतात, मुलं उंच होतात आणि कपडे हट्टाने तेवढेच राहतात. त्यांच्यात समेट घडवून आणायचा, हा माझा धंदा.

त्या मंगळवारी टोपलीत सहा पिशव्या होत्या. सहावीतून फ्रॉक निघाला. फिकट हिरवा, पांढरे ठिपके, गोल कॉलर, सात-आठ वर्षांच्या मुलीचा. चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'एक बोट सोडा.'

म्हणजे खालची दुमड उसवून फ्रॉक बोटभर लांब करायचा. दुमड चांगली चार बोटं रुंद होती. वाढत्या मुलीसाठी शिवणारी बाई अशी जास्तीची दुमड ठेवते आणि पोर उंच झाली की थोडी थोडी सोडते. आजकाल कोण एवढं कापड आत ठेवतं? मला त्या अनोळखी बाईचं कौतुक वाटलं. कापडही ओळखीचं वाटलं, पण तसलं कापड माझ्या लहानपणी ढिगाने मिळायचं.

मी छोटी कात्री घेऊन दुमड उसवायला लागले. उजव्या शिवणीपाशी, आतल्या बाजूला, एकच टाका पिवळ्या दोऱ्याचा होता.

मी कात्री खाली ठेवली आणि थोडा वेळ दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले.

२

माझ्या शेजारी चावीवाला बसतो. त्याला सुट्टी मानवत नाही, त्यामुळे सोमवारीही तो असतोच.

"काका, काल इथे फ्रॉक कोणी टाकला?"

"पिटुकली होती एक. झाकण उचलेना तिला, मी उठणार तेवढ्यात उचललं. का गं मास्तरीणबाई, चिंध्या दिल्या की काय?"

"एकटीच होती?"

"एकटीच. आणि गुणाची हो! मी म्हटलं, गोळी घे, तर नुसती मान हलवली. नाहीतर आमची नातवंडं. तोंड म्हणून मिटत नाही."

मी हसले. हसायला जमलं म्हणून बरंही वाटलं. पिवळा दोरा काही कुणाच्या मालकीचा नसतो. घरात दोन-तीन मुली असल्या आणि एकाच ताग्यातून फ्रॉक शिवले, की धुण्यात अदलाबदल होऊ नये म्हणून आत रंगीत टाका घालतात. आमच्या घरी घालत. ताईचा लाल, माझा निळा. आणि पिवळा गुंडीचा.

आम्ही सख्ख्या बहिणी नव्हतो. एका बाईकडे सांभाळायला ठेवलेल्या मुली होतो, ताईला आणि मला अनाथ मुलांच्या संस्थेने ठेवलं होतं. त्या बाईला आई म्हणायची मुभा नव्हती, 'मोठी' म्हणायचं. ताई अकरा वर्षांची, मी नऊ, आणि गुंडी सात. गुंडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. फ्रॉकच्या गुंड्या तिने कधी धड लावल्या नाहीत, नेहमी एक वर एक खाली, म्हणून गुंडी. मी मधली. ताई अजूनही मला मधलीच म्हणते.

गुंडीला तिचे कोणी नातेवाईक परस्पर मोठीकडे ठेवून गेले होते, संस्थेच्या वहीत तिचं नाव नव्हतं; आमच्यात ती दीड वर्ष होती. मग तिचे नातेवाईक तिला घेऊन गेले. असं मोठीने सांगितलं.

मी एक बोट सोडलं, इस्त्री केली आणि फ्रॉक तयार कपड्यांच्या दांडीवर लावला. बुधवारी दांडीवर तो नव्हता. त्याला मी टाचलेला नंबराचा बिल्ला मात्र काउंटरवर ठेवलेला होता. माझी पाठ वळली असताना कोणी घेऊन गेलं असेल, मी मशीनवर बसले की मला जगाची शुद्ध नसते.

३

पुढच्या मंगळवारी तो पुन्हा आला. तीच चिठ्ठी, तेच अक्षर. एक बोट सोडा.

आठवड्यात पोर बोटभर वाढत नाही. पण आयांना कुठे धरबंध असतो, आज इतका हवा, उद्या तितका. मी फ्रॉक टेबलावर पसरला आणि सवयीने खांद्यावर टेप ठेवला. माप मागच्या आठवड्यात वहीत टिपलेल्यापेक्षा दीड इंच जास्त भरलं.

मी खांद्याची शिवण उलटी करून पाहिली. तिला कोणी हात लावलेला नव्हता. जुनी टीप, जुना दोरा. बाही मोजली, तीही वाढलेली. ठिपके मात्र तेवढेच, फक्त एकमेकांपासून जरा दूर गेलेले. कापड आटतं, विरतं, विटतं. कापड वाढत नाही. वीस वर्षं मी हेच काम करते आहे, एवढं मला कळतं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, माझा विश्वास टेपवर. पण टेप जुना झाला की ताणला जातो. मी तो फेकून दिला आणि संध्याकाळी नवा आणला. नव्या टेपने माप तेवढंच भरलं.

"काल कोण आलं होतं, काका?"

"परवाच्या पिटुकलीची बहीण असणार," चावीवाला कानस चालवत म्हणाला. "बारा-तेरा वर्षांची. तोंडावळा तोच. पाय मात्र अनवाणी गं, एवढ्या उन्हात."

म्हणजे बहिणी-बहिणी. एकीचा फ्रॉक दुसरीला, त्यातून मापाचा घोळ. मी हे स्वतःला दोन वेळा समजावलं आणि दुमड सोडली. पिवळा टाका मी उसवला नाही.

४

त्याच रविवारी ताईने घरी बोलावलं. ताई आता शाळेच्या ग्रंथालयात काम करते. तिला मूल नाही. बारा वर्षं वाट पाहून शेवटी तिने आणि भावोजींनी संस्थेत अर्ज केला, आणि आता सहा वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे सांभाळायला येणार होती. फक्त शेवटची चौकशी राहिली होती. ताई कशा घरात वाढली, हे तिच्याबरोबर वाढलेल्या माणसाला विचारायचं. म्हणजे मला.

ताईबद्दल एक सांगते. मोठीच्या घरी मला ताप आला की आपलं पांघरूण ती माझ्यावर घालायची आणि स्वतः कुडकुडत बसायची. माझ्या पहिल्या मशीनसाठी तिने आपल्या बांगड्या मोडल्या. जगात मला दुसरं कोणी नाही. तिला ते मूल मिळावं म्हणून मी काय वाटेल ते बोलायला तयार होते.

"फार विचारत नाहीत गं," ताई म्हणाली. "घर चांगलं होतं, जेवण वेळेवर, कधी मार नाही. खरंच आहे ना? मोठीने कधी हात उगारला आपल्यावर?"

"नाही," मी म्हटलं. ते खरंच होतं.

तिने मुलीची खोली दाखवली. नवी चादर, खिडकीत कापडी ससा, भिंतीवर चित्रं. ताईचा चेहरा असा फुलला होता की मलाच भरून आलं. मग मला भिंतीतलं कपाट दिसलं. वरचे कप्पे कपड्यांनी भरलेले, खालचा रिकामा. तिथे छोटी गादी घातलेली. दाराला बाहेरून कडी होती, नवी कोरी, स्क्रू अजून चमकत होते.

"हे कशाला?"

"शांत व्हायला एक जागा," ताई म्हणाली. "अशी मुलं सुरुवातीला फार रडतात. मारण्यापेक्षा बरं ना? आणि मी बाहेर स्टूलावर बसणारच की."

"ताई, गुंडी कुठे असेल गं आता?"

ती चादरीची सुरकुती काढत होती. "कोण गुंडी?" ती म्हणाली. मग लगेच, "अच्छा, ती. तिचे नातेवाईक नव्हते का घेऊन गेले? तू पण ना, कुठलं कुठे नेतेस. चल, चहा गार होतोय."

५

मोठीच्या घरी कापडाचं एक कपाट होतं. वर तागे, खाली एक मूल मावेल एवढी जागा. जी चुकेल ती आत. बाहेरून कडी, आणि बाहेर स्टूलावर उरलेल्यांपैकी एक जण पहाऱ्याला. आतलीने रडणं थांबवून म्हणायचं, 'मी शांत झाले.' मग कडी काढायची की नाही, हे बाहेरचीने ठरवायचं. नसेल काढायची तर म्हणायचं, 'अजून नाही.'

मोठी स्वतः कपाटाजवळ फिरकायचीही नाही. तुमचं तुम्ही बघा, म्हणायची. फक्त एक नियम होता. आतली बाहेर येऊन पुन्हा रडली, तर जिने कडी काढली ती आत. त्यामुळे पहिल्याच हाकेला कोणीच कडी काढत नसे. मी नाही, ताई नाही. गुंडी तेवढी काढायची आणि मग स्वतः आत बसायची.

त्या दिवशी गुंडी सकाळपासून आत होती. गुंड्या चुकीच्या लावल्या आणि उलट बोलली म्हणून. पहारा माझा होता. तिने तीन वेळा सांगितलं, मी शांत झाले. तीन वेळा मी म्हटलं, अजून नाही. तिसऱ्या वेळी तर मी नीट ऐकतही नव्हते, डब्यातली बटणं रंगाप्रमाणे लावत बसले होते.

मग बेल वाजली. संस्थेच्या तपासणीच्या बाई न सांगता आल्या होत्या. मी चुरूचुरू बोलणारी, म्हणून मोठीने मला पुढच्या खोलीत बोलावलं आणि माझ्या जागी ताईला बसवलं. बाईंनी माझ्या गालाला हात लावला. विचारलं, "किती जणी राहता गं तुम्ही इथे?"

मी मोठीकडे पाहिलं. ती काही खुणावत नव्हती. तिघी म्हटलं असतं तर बाई म्हणाल्या असत्या, बोलव तिसरीला. गुंडी लाल डोळ्यांनी बाहेर आली असती, रडली असती, आणि रात्रीपर्यंत कपाटात मी बसले असते.

"दोघी," मी म्हटलं.

बाई गेल्यावर मोठीने मला रिळं आणायला पाठवलं. परत आले तेव्हा कपाट उघडं होतं आणि अगदी जमिनीपर्यंत तागे रचलेले होते. ताई अंथरुणात होती. तिला तीन दिवस ताप होता, तोंडातून शब्द नाही. मी काहीच विचारलं नाही. एकतीस वर्षं मी असं धरून चाललेय की मी उठल्यावर ताईने कडी काढली असेल.

६

तिसऱ्या मंगळवारी फ्रॉक मोठ्या मुलीचा झाला होता. चौथ्या मंगळवारी माझ्या मापाचा. मी तो अंगाला लावून पाहिला नाही, टेपनेच मोजला, पण माझी मापं मला पाठ आहेत.

"तुझं गिऱ्हाईक येऊन गेलं," चावीवाला म्हणाला. "परवाची ती कॉलेजवाली, आणि काल त्यांची आई. तुझ्याच वयाची असेल. सगळं घरच अनवाणी फिरतंय. पण कसं सांगू," त्याने कानस खाली ठेवली, "गुंड्या सगळ्या चुकलेल्या. एवढी बाईमाणूस, एक वर एक खाली. मला सांगावंसं वाटलं, पण कसं बोलणार?"

चिठ्ठी तीच होती. दुमड आता एकच बोट उरली होती. मी ती सोडली, कारण न सोडता फ्रॉक दुकानात ठेवायची माझी हिंमत नव्हती. आता आत काहीच शिल्लक नव्हतं. पिवळा टाका कापडाच्या अगदी काठावर आला होता.

संस्थेच्या बाई शनिवारी दुपारी दुकानातच यायच्या होत्या. मी ताईला फोन केला. म्हटलं, ती कडी काढून टाक, मी बाकी सगळं तुझ्या मनासारखं बोलते.

"कडी लावायला अख्खा दिवस गेला तुझ्या भावोजींचा," ताई म्हणाली. "तुला काय झालंय? आपण वाढलोच ना तशा? काय वाईट झालं आपलं?"

७

शनिवारी फ्रॉक दांडीवरून गेला होता. बिल्ला या वेळी काउंटरवर नव्हता. तो दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, कपडे घालून बघायच्या आडोशापुढे जमिनीवर पडला होता.

आडोसा म्हणजे काय, दोन भिंतींच्या कोनात एक जाड पडदा, जमिनीपासून वीतभर वर. आत कोणी नसेल तेव्हा पडदा उघडा ठेवायचा, हा माझा दंडक. तो ओढलेला होता. सकाळपासून दुकानात कोणी आलं नव्हतं. मीच झाडताना ओढला असेल, मी मनाशी म्हटलं आणि तो उघडायला पुढे झाले, तेवढ्यात ताईचा आवाज आला. तिच्या मागे संस्थेच्या बाई होत्या, तरुण, हसऱ्या, हातात फाइल.

खुर्ची एकच, ती मी बाईंना दिली. ताईने स्टूल ओढलं आणि पडद्याला पाठ लावून बसली.

प्रश्न सोपे होते. जेवण? शाळा? आजारपण? मी उत्तरं देत होते आणि ताई मान डोलवत होती. बाई लिहीत होत्या. बाहेर चावीवाल्याचं यंत्र घरघरत होतं. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

"आणि त्या घरात तुम्ही दोघीच होतात?"

"दोघीच," ताई म्हणाली. "हो ना गं, मधले?"

बाईंचं पेन थांबलं. त्या गंमत वाटल्यासारख्या हसल्या. "मधली? दोघींत मधली कशी?"

ताई पण हसली. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ते पांघरूण होतं, त्या बांगड्या होत्या, नवी चादर आणि खिडकीतला ससा होता. मला फक्त एक शब्द बोलायचा होता, नऊ वर्षांची असताना बोलले होते तोच.

मी खाली पाहिलं. ताईच्या स्टूलामागे, पडद्याच्या खाली, दोन अनवाणी पाय होते. टाचा जोडलेल्या, बोटं आमच्याकडे. पोटऱ्यांवर हिरव्या कापडाचा काठ, त्यावर पांढरे ठिपके. शेवटचं बोट मीच सोडलं होतं.

८

"आत कोणी आहे वाटतं," बाई म्हणाल्या.

"कोणी नाही," ताई म्हणाली.

पडद्याआडून आवाज आला. मोठ्या बाईचा होता, घोगरा, खूप दिवस न वापरलेला. पण शब्द लहान मुलीने म्हणावेत तसे एकेक सुटे.

"मी शांत झाले."

"अजून नाही," ताई म्हणाली.

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. विचार करायला वेळच घेतला नाही. आवाज तिचा नव्हता, म्हणजे तिचाच होता, अकरा वर्षांचा. तिचा उजवा हात मागे गेला आणि जिथे कडी असायची त्या उंचीला पडद्यावर दाबून बसला. चेहऱ्यावर अजून ते मघाचं हसू होतं. मग स्वतःचे शब्द तिच्या कानावर गेले असावेत, कारण ते हसू हळूहळू गेलं, आणि हात मात्र तिथून निघेना.

तेव्हा मला कळलं की मी उठल्यावर काय झालं. किती वेळा तिने विचारलं असेल आणि किती वेळा ताईने हेच सांगितलं असेल. आणि मग केव्हातरी आतून विचारणं थांबलं असेल.

"तिघी," मी म्हटलं. बाईंचं पेन हललं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. "तिघी होतो आम्ही. लिहून घ्या. आणि ताईच्या घरी मुलीच्या खोलीतल्या कपाटाला बाहेरून कडी आहे, तेही लिहा."

"मधले," ताई म्हणाली. एवढंच. मला रडू फुटलं. मी तिचं मूल तिच्या हातून काढून घेतलं होतं आणि हे तिलाही कळलं होतं, मलाही.

बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "तिसरी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता, आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पडद्याखाली बघत होत्या.

मी ताईजवळ गेले. पडद्यावरचा तिचा हात माझ्या हातात घेतला. बर्फासारखा गार होता तो, आणि तो ओढून काढायला मला सगळा जोर लावावा लागला. मग मी ते म्हटलं, जे एकतीस वर्षांपूर्वी पहिल्याच हाकेला म्हणायचं होतं.

"बास झालं, गुंडे. ये बाहेर."

पडद्याला आमच्यापैकी कोणीही हात लावला नाही. तरी त्याच्या कड्या वरच्या दांडीवरून एकेक करून सरकू लागल्या.